ऊनपाण्याची बाई

आमच्या मॅडम कुणाच्याही घरी पाणी पीत नसत. जुन्नरच्या बाजारपेठेतल्या एका लहानशा लॅबमध्ये आम्ही पाणी तपासायचो. त्या केमिस्ट, मी त्यांच्या हाताखाली सहायक. नमुने गोळा करायला गावोगाव जायचो ते दोघं बरोबरच, माझ्या मोटारसायकलवर. आपल्याकडे दारात आलेल्याला आधी पाणी देतात. मॅडम तांब्या घेत, उजेडाकडे धरत, वास घेत आणि विचारत, "विहिरीचं की बोअरचं?" मग तांब्या तसाच खाली ठेवत आणि पिशवीतून स्वतःची बाटली काढत. घरची बाई बिचारी गोरीमोरी होई. गावाशी संबंध टिकावेत म्हणून त्यांच्या वाटचंही मीच गटागटा पिऊन टाकायचो. एवढ्या गावचं पाणी पिऊन मला काही झालं नाही, असं एकदा मी त्यांना सुनावलं, तर म्हणाल्या, "अजून."

दिसायला उंच आणि हाडकुळ्या. पांढरे केस मागे करकचून बांधलेले, चष्म्याच्या दांड्यांना सुतळी. ही तीच सुतळी, जी आम्ही विहिरीत बाटली सोडायला वापरायचो. संधिवातानं दोन्ही गुडघे धरलेले, त्यामुळे मोटारसायकलवरून उतरणं हा एक समारंभच असे. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. लॅबच्या मागच्या बोळात दोन खोल्यांत एकट्या राहायच्या.

चूक दिसली की दुरुस्त करायची, हा त्यांचा रोग होता. पिशवीत लाल पेन कायम. हॉटेलातल्या भावफलकावरची अक्षरं त्या चहा येईपर्यंत नीट करून ठेवत. माझ्या लग्नाची पत्रिका मी मोठ्या हौसेनं दिली, तर दुसऱ्या दिवशी लाल खुणा करून परत आली. वर म्हणाल्या, "तारीख आणि वार जुळत नाहीत, पाहुणे कोणत्या दिवशी यायचे?" खरंच जुळत नव्हते. वारूळवाडीत आमच्या घरी त्यावरून जो गोंधळ झाला, तो वेगळाच सांगावा लागेल.

बाटलीवरच्या लेबलाच्या बाबतीत तर त्यांच्यापुढे देवाचीही सुटका नव्हती. एकदा एक जण हातपंपाचं पाणी म्हणून बाटली घेऊन आला. मॅडमनी बूच काढलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "तुमच्या हातपंपाला क्लोरीन कोण पाजतं?" हातपंप लांब म्हणून त्यानं सकाळी घरच्या नळाचंच पाणी भरून आणलं होतं. तो हातापाया पडला, लेबल बदलतो म्हणाला. मॅडमनी बाटली बेसिनमध्ये ओतली. "खोट्या लेबलाचं सॅम्पल मी घेत नाही," एवढंच म्हणाल्या. त्याला एसटीनं परत जावं लागलं. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता. पाणी काय, अंदाजानं कळतंच की, असं मी पुटपुटलो. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य आलं. "तपासल्याशिवाय तोंड उघडू नये."

हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकलं, की त्या स्वतःच कधी ते मोडतील असं मला वाटलं नव्हतं.

डिंभ्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याला वळसा घालून वर डोंगरात गेलं, की एक ऊनपाण्याचं कुंड आहे. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. कातळातून पाणी येतं, अंग सोसेल इतपत गरम, गंधकाचा हलका वास असलेलं. वर देवीचं छोटं ठाणं, शेजारी गुरवाचं घर. खरूज, नायटा, सांधेदुखी असलेली माणसं तिथं येतात. रीत अशी, की डोक्यासकट तीन बुड्या मारायच्या. नुसतं अंग भिजवलं तर ते न्हाण देवीला पोचत नाही. दुसरी एक रीत म्हणजे कुणाला घरी पाणी न्यायचं असेल, तर ज्याच्यासाठी न्यायचं त्याचं नाव गुरवाला मोठ्यानं सांगायचं. तो ते देवीला सांगतो आणि मगच भांडं भरू देतो.

ग्रामपंचायतीनं पाणी तपासून मागितलं म्हणून आम्ही तिथं पहिल्यांदा गेलो. मॅडमनी चपला लांब झाडाखाली काढून ठेवल्या, पदर खोचला आणि शेवाळलेल्या पायऱ्या बसत बसत उतरल्या. बाटली भरायला वाकल्या, तर गुरवानं अडवलं.

"कुणाच्या नावानं?"

"लॅबच्या," मॅडम म्हणाल्या.

गुरवानं शांतपणे हात जोडले, डोळे मिटले आणि देवीला सांगितलं, "आये, जुन्नरच्या लॅबला बरं कर."

मी हसू दाबत उभा होतो. पण मॅडम हसल्या नाहीत. नाव विचारल्याशिवाय पाणी नेऊ न देणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता. नमुना भरून झाल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. पायरीवर बसून गुडघ्यापर्यंत पाय पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. मग म्हणाल्या, "अरे, दुखतच नाहीये." इतक्या वर्षांत त्यांना मी तसं बघितलं नव्हतं. चेहऱ्यावरची सगळी शिस्त उतरली होती.

त्यानंतर रविवारी आमची फेरी ठरलेली. कधी माझ्या गाडीवर, कधी त्या एकट्याच एसटीनं डिंभ्यापर्यंत आणि पुढे मिळेल त्या जीपनं. पिशवीत थर्मामीटर. कुंडात उतरणाऱ्या म्हाताऱ्यांना त्या ब्लडप्रेशर आहे का विचारायच्या, फार वेळ बसला की दंडाला धरून बाहेर काढायच्या. "आजोबा, पुरे. चक्कर येऊन पडाल." लोक आधी वैतागायचे, मग त्यांना 'ऊनपाण्याची बाई' म्हणायला लागले. गुरवाची बायको त्यांना चहा द्यायची. तो चहा त्या प्यायच्या, पाणी उकळलेलं असतं म्हणून. त्यांच्या हिशेबानं ही फार मोठी सलगी होती.

पाणी चांगलं निघालं. आम्ही जे जे तपासतो त्यात काही सापडलं नाही. मॅडमनी रिपोर्टवर सही केली. पुढच्या फेरीला कुंडाच्या वाटेवर हिरवा बोर्ड लागला होता, 'सरकारी लॅबमध्ये पाणी पास.' आमची लॅब सरकारी नव्हती, पण गावात कागदपेन घेऊन येणारा प्रत्येक जण सरकारच असतो.

"कशासाठी पास?" मॅडमनी गुरवाला विचारलं.

"समद्यासाठी," तो म्हणाला. "तुमची सही हाय की."

त्यांनी बोर्ड काढायला सांगितला. गुरव हो म्हणाला. बोर्ड राहिला. रविवारी गाड्या वाढल्या, नारळाची दुकानं लागली, आणि खरं सांगायचं तर मॅडमनाही आतून थोडं बरं वाटत असावं. लाल पेन पिशवीतच राहिलं.

उन्हाळ्याच्या अखेरीस डिंभ्याजवळच्या एका वाडीतली बाई आपल्या मुलीला खरूज झाली म्हणून कुंडावर घेऊन आली. भात-नाचणी करणारं डोंगरातलं घर. मुलगी शाळेत जायच्या वयाची, धीट. तीन सांगितल्या तर तिनं हौसेनं कितीतरी बुड्या मारल्या, पाण्यात खेळली. त्या दिवशी आम्ही तिथं नव्हतो. आठवडा व्हायच्या आत तिचं डोकं दुखायला लागलं, ताप, उलट्या, मान वळेना. घोडेगावहून पुण्याला नेलं. तिकडून तिला परत आणलं ते गाडीत आडवी ठेवून.

गुरवानं पुढच्या रविवारी हे सांगितलं, तशा मॅडम पाय पाण्यात न घालताच उठल्या. आम्ही त्या वाडीत गेलो. मुलीची आई ओट्यावर बसली होती. मॅडम तिच्याशेजारी बसल्या आणि हळू आवाजात एकेक विचारत गेल्या. आधी काय दुखलं, उजेड सोसत होता का, पाणी नाकात गेलं होतं का.

"गेलं व्हतं," ती बाई म्हणाली. "लई ठसकली. आन् हसली. म्हनली, आये, नाकात झणझणलं."

आतून कुणीतरी पाणी आणून दिलं. मॅडमनी तांब्या घेतला आणि उजेडाकडे न धरता, वास न घेता सगळा प्यायल्या. मी ते बघितलं आणि मला भीती वाटली.

घोडेगावच्या स्टँडवर मी चहा सांगितला. मॅडम कप तसाच धरून बसल्या होत्या. मग सांगायला लागल्या. ऊन पाण्यात, तळच्या गाळात कधीकधी एक जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. प्यायलं तर काही करत नाही. नाकातून वर गेला, तर मेंदूत जातो. फार क्वचित होतं असं, पण झालं तर माणूस बहुधा वाचत नाही.

"मग आपल्याला कसा नाही सापडला?"

"आपल्याकडे त्याची तपासणीच नाही. त्या पोरीचीही कुणी केली नाही. मेंदूज्वर म्हणून मोकळे झाले."

"मग तेच होतं कशावरून?"

"कशावरूनच नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटतंय."

मला वाटतंय, हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले.

त्यांनी वर, आरोग्य खात्याला कळवलं. वरून विचारणा झाली, पुरावा काय? "बरोबरच आहे त्यांचं," मॅडम म्हणाल्या, "मीही हेच विचारलं असतं." मग दर रविवारी त्या कुंडाच्या पायरीवर बसू लागल्या. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, अंग भिजवा, डोकं वर ठेवा, पोरांचं नाक धरा. लोक हसायचे. डोकं भिजल्याबिगर न्हाण कसलं, म्हणायचे. एकानं तर बोर्डाकडे बोट करून सांगितलं, "बाई, तुमीच पास केलंया की पानी. आता नापास कसं करता?" त्यांच्या डोळ्यांदेखत लहान लहान पोरं खाली जायची आणि नाक पुसत वर यायची. प्रत्येक पोर वर येईपर्यंत मॅडम श्वास धरून ठेवायच्या.

पावसाळ्यात गाड्या आटल्या. दसऱ्याच्या सुमाराला परत गेलो, तर चमत्कार. कुंडात माणसं गळ्यापर्यंतच उतरत होती. मॅडमचा चेहरा उजळला. पण मग गुरवानं त्याचं कारण सांगितलं. गावात बोभाटा झाला होता, की मुलीची आई विटाळाची असताना कुंडात उतरली. देवी कोपली, पोर घेतली. आता डोकं घालायला लोक भीत होते. मुलीच्या आईला नवऱ्यानं मारून माहेरी घालवलं होतं, आणि माहेरच्यांनीही तिला गोठ्याशेजारी ठेवलं होतं.

"हे कुणी पसरवलं?" मॅडमनी विचारलं.

"मी न्हाई," गुरव म्हणाला. "पर मोडलं बी न्हाई. म्याडम, तुमी इतके दिस घसा फोडला, कुनी आयकलं? तुमचा त्यो किडा कुनाला दिसत न्हाई. देवीचा कोप समद्यांना दिसतो. तुमाला डोकी वर पायजेत. झाली की वर."

"त्या बाईनं काय केलंय?"

"काय न्हाई. पर कोप कुनाच्या तरी नावानं व्हनार. बिननावाचा कोप कसा व्हईल?"

दुपार होती. कुंडात दोन-तीन माणसं होती, गळ्यापर्यंत. मॅडम त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता त्या उठतील, सगळ्यांना गोळा करतील आणि सांगतील, की हे सगळं खोटं आहे. त्या तेच करत आल्या होत्या आयुष्यभर. पण तसं केलं असतं तर पुढच्या रविवारी डोकी परत पाण्यात गेली असती, हे त्यांनाही दिसत होतं आणि मलाही.

"बुवा," त्या म्हणाल्या, "मग माझ्या नावानं होऊ दे."

गुरवाला कळेना.

"पहिल्या दिवशी मी चपला घालून कुंडात उतरले. देवीला न विचारता औषधाची बाटली पाण्यात बुडवली. कुंड बाटलं ते तेव्हा. त्या बाईचा काही संबंध नाही. असं तुम्ही देवीपुढे उभं राहून सांगा, देवीनं स्वप्नात येऊन सांगितलं म्हणून."

"म्याडम, तुमी चपला काढल्या व्हत्या," गुरव म्हणाला. "मी सोता बघितल्यात, त्या झाडाखाली."

"मला माहीत आहे."

मग त्या गुरवाला घोकवून घ्यायला लागल्या. नुसतं कोप म्हणायचं नाही. देवीनं सांगितलंय, डोकं वर ठेवायचं, पोरांचं नाक आईनं धरायचं, खालचा गाळ ढवळायचा नाही. गुरव चुकला की त्या दुरुस्त करत होत्या, माझी पत्रिका दुरुस्त केली तशाच. 'सरकारी बाई' म्हणा, म्हणाल्या, 'ऊनपाण्याची बाई' नको. ते नाव लोकांनी आपण होऊन दिलं होतं. ते तेवढं त्यांनी बाजूला काढून ठेवलं. मला राहवेना. मी म्हणालो, "मॅडम, हे धादांत खोटं आहे." त्या माझ्याकडे वळल्या. "कुणी काहीही बोललं, तरी तू दुरुस्त करायला जायचं नाहीस. मला शब्द दे." मी दिला. तिथून निघताना त्यांनी पाण्याकडे एकदाच बघितलं. पाय बुडवले नाहीत, कारण आता लोकांच्या देखत तसं करून चाललं नसतं.

गुरवानं काम चोख केलं. महिनाभरात सगळ्या वाड्यांना कळलं. डिंभ्याच्या स्टँडवर एका म्हातारीनं मॅडमना ओळखलं आणि तोंडाला येईल ते बोलली. पोरांना खाणारी, असं काहीतरी. मॅडम मान खाली घालून ऐकत उभ्या राहिल्या. त्या भागातली गावं नमुना न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा म्हणू लागली. त्या परत कधी कुंडावर गेल्या नाहीत. पुढे निवृत्त झाल्या. गुडघे पार गेले. आता काठी घेऊनही बोळाच्या टोकापर्यंत जाणं होत नाही.

गेल्या महिन्यात मी बायको-मुलीला घेऊन कुंडावर गेलो. हिरवा बोर्ड गेला होता. पायरीजवळ एक बाई हळदकुंकू आणि नारळ घेऊन बसली होती. माझी मुलगी पाण्यात उतरली, तशी ती झटकन उठली, आली आणि स्वतःच्या दोन बोटांनी मुलीचं नाक धरलं. "डोकं वर ठिव, बाय. नाक सोडू नको." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, पोरीवर ध्यान ठिवा. हितं माजी पोर गेली." मी चेहरा ओळखला. तिनं मला ओळखलं नाही.

"कशानं गेली?" माझ्या बायकोनं विचारलं. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"एक सरकारी बाई आली व्हती. चपला घालून उतरली देवीच्या पान्यात. औषीद टाकलं. तिच्यापायी गेली माजी." तिनं बाजूला थुंकलं. "लोक आदी मला बोल लावत व्हते. मग देवीनंच खरं काय ते सांगितलं. नवरा सोता माहेरी येऊन घिऊन गेला. त्या बाईचं वाटुळं व्हईल, बगा."

मी तोंड उघडलं होतं. शब्द दिला होता म्हणून मिटलं. मला तेव्हा त्या बाईचा राग आला नाही. ती माझ्या मुलीचं नाक अजून धरून होती, आणि तिच्या बोटांना हळदीचा वास येत होता.

संध्याकाळी मॅडमकडे गेलो. त्या खाटेवर पाय लांब करून बसल्या होत्या, गुडघ्यांवर गरम पाण्याची पिशवी. कुंडावर गेलो होतो म्हटल्यावर एकच विचारलं.

"डोकी वर होती?"

"होती. सगळ्यांची." मग मी सांगितलं, की त्या गेलेल्या मुलीची आई तिथं बसते, येणाऱ्या पोरांची नाकं धरते.

"काय म्हणते?"

त्यांना खोटं सांगण्याची माझी हिंमत नव्हती. "तुम्हाला शिव्या देते," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. "नवरा नांदवतो ना तिला?"

"नांदवतो."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर घेतली. ती गार झाली असावी, कारण त्यांनी ती लगेच बाजूला ठेवली. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, "मॅडम, पुढच्या रविवारी मी एक कॅन भरून आणतो तिथनं. शेक तरी घ्या."

"कुणाच्या नावानं भरशील?"

तिथं नाव मोठ्यानं सांगावं लागतं, आणि त्या बाईच्या देखत सांगावं लागतं.

"माझ्या आईच्या नावानं आणतो," मी म्हणालो. "कोण विचारायला येतंय?"

मॅडमनी चष्म्याच्या सुतळीला हात घातला, चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "खोट्या लेबलाचं सॅम्पल मी घेत नाही."